युनिस इंगहॅम: तळपायावर अख्ख्या शरीराचा नकाशा मांडणारी बाई

स्पामध्ये, आरोग्य प्रदर्शनातल्या स्टॉलवर किंवा अ‍ॅक्युप्रेशरच्या चपलांच्या खोक्यावर तळपायाचं एक रंगीत चित्र तुम्ही नक्की पाहिलं असेल. अंगठ्यावर मेंदू, बोटांच्या मुळाशी डोळे आणि कान, चवड्यावर फुप्फुसं, मधल्या खोलगट भागात पोट आणि आतडी, टाचेवर ओटीपोट. यकृत फक्त उजव्या पायावर, हृदय डाव्या. हे ज्ञान कुठून आलं असं विचारलं, तर उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: हजारो वर्षांपासून चालत आलंय. कोणी चीनचं नाव घेतं, कोणी इजिप्तचं, कोणी आपल्या ऋषीमुनींचं.

पण आज दिसतं त्या स्वरूपातलं हे चित्र 1930 च्या दशकातलं आहे, अमेरिकेतलं आहे, आणि ते घराघरात पोहोचवण्याचं श्रेय प्रामुख्याने एका बाईकडे जातं. त्यांचं नाव युनिस इंगहॅम. त्या डॉक्टर नव्हत्या, फिजिओथेरपिस्ट होत्या. 1889 साली जन्मलेल्या या बाईंनी आयुष्याची तीसेक वर्षं गावोगाव फिरून लोकांचे पाय दाबले, पाय दाबायला शिकवलं आणि स्वतःची पुस्तकं विकली. रिफ्लेक्सॉलॉजी शिकवणाऱ्या जगभरातल्या बहुतेक शाळा आपलं मूळ त्यांच्यापर्यंत नेऊन भिडवतात.

त्यांची गोष्ट वाचण्यासारखी आहे ती एका अवघड कारणासाठी. त्यांच्या हातून लोकांना बरं वाटत होतं, याबद्दल शंका घ्यायला फारशी जागा नाही. आणि बरं का वाटतं, याचं त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण मात्र तपासात टिकलं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

सुरुवात नाक-कान-घशाच्या डॉक्टरपासून

युनिस यांच्या आधी एक डॉक्टर येतो. विल्यम फिट्झगेराल्ड, जन्म 1872. व्हरमाँट विद्यापीठातून वैद्यकीय पदवी, मग बॉस्टन, लंडन आणि व्हिएन्नाच्या रुग्णालयांत काम, आणि शेवटी कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात सेंट फ्रान्सिस हॉस्पिटलच्या नाक-घसा विभागाचे प्रमुख. म्हणजे माणूस चांगला शिकलेला आणि प्रतिष्ठित.

फिट्झगेराल्ड यांच्या असं लक्षात आलं की हाताच्या किंवा पायाच्या ठरावीक बोटांवर, किंवा तोंडात ठरावीक जागी, काही वेळ जोरात दाब दिला तर चेहऱ्याचा किंवा घशाचा काही भाग बधिर झाल्यासारखा होतो आणि लहानसहान शस्त्रक्रिया कमी वेदनेत उरकता येतात. त्यावरून त्यांनी शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे पाडले, पाच उजवीकडे आणि पाच डावीकडे. प्रत्येक पट्टा एकेका बोटाशी संपतो. पट्ट्यात एके ठिकाणी दाबलं की त्याच पट्ट्यात दुसरीकडे परिणाम होतो, असा त्यांचा सिद्धांत. त्याला नाव दिलं झोन थेरपी.

त्यांची साधनं वाचून हसू येतं: रबर बँड, कपडे वाळत घालायचे चिमटे, धातूचा कंगवा. एडविन बाउअर्स नावाचे लेखक-डॉक्टर या प्रकाराने इतके भारावले की त्यांनी 1915 मध्ये एका लोकप्रिय मासिकात दातदुखी थांबवायला पायाचं बोट दाबा अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला. शंका घेणाऱ्या डॉक्टरांचा हात दाबून मग त्यांच्या चेहऱ्याला टाचणी टोचून दाखवायची, अशीही प्रात्यक्षिकं झाल्याचं सांगतात. 1917 मध्ये दोघांनी मिळून झोन थेरपीवर पुस्तक काढलं. वैद्यकीय वर्तुळात त्याचं फारसं स्वागत झालं नाही.

इथे फिट्झगेराल्ड यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. एका ठिकाणचं दुखणं दुसरीकडे जाणवतं, हे खरंच आहे. हृदयविकाराच्या झटक्यात डावा हात दुखतो, पित्ताशयाचा त्रास उजव्या खांद्यात जाणवतो. हेन्री हेड या इंग्रज मज्जातंतूतज्ज्ञाने 1890 च्या दशकातच अशा जागांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यामुळे त्या काळातल्या डॉक्टरला शरीरात असे गुप्त धागे असतील असं वाटणं काही वेडेपणाचं नव्हतं. पण हेड यांचे पट्टे मज्जारज्जूतून निघणाऱ्या खऱ्या मज्जातंतूंवर आधारलेले होते. फिट्झगेराल्ड यांच्या दहा उभ्या पट्ट्यांना शरीररचनेत तसा आधार नाही.

सेंट पीटर्सबर्गमधला दवाखाना

झोन थेरपी मनापासून उचलून धरणाऱ्या थोड्या डॉक्टरांपैकी एक होते जो शेल्बी रायली. फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्ग या किनाऱ्यावरच्या शहरात त्यांचं काम चाले. त्यांनी फिट्झगेराल्ड यांच्या उभ्या पट्ट्यांना आडव्या रेषांची जोड दिली. उभ्या-आडव्या रेषा आल्या की नकाशा तयार होतो. पायावरच्या बिंदूंच्या पहिल्या तपशीलवार आकृत्या रायली यांच्या नावावर आहेत.

1930 च्या दशकाच्या सुरुवातीला याच रायली यांच्याकडे युनिस इंगहॅम फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करत होत्या. येणाऱ्या रुग्णांचे पाय त्यांच्या हातात असायचे, रोज. ज्याने कोणी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे पाय नियमित चेपले आहेत त्याला माहीत असेल, पाय हाताला बोलायला लागतात. इथे गाठ आहे, इथे हुळहुळतं, इथे दाबलं की माणूस पाय मागे घेतो. युनिस यांनी हे सगळं टिपायला सुरुवात केली. कोणाला काय आजार आहे आणि त्याचा पाय कुठे दुखतो, याचे मेळ घालत गेल्या.

रायली आणि फिट्झगेराल्ड हात, पाय, कान, तोंड असं सगळीकडे दाबत. युनिस यांनी ठरवलं की फक्त पाय. पाय संवेदनशील आहेत, दाबायला सोपे आहेत आणि दोन्ही पावलं शेजारी ठेवली की जणू माणसाचा आराखडाच समोर येतो, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी एकेक अवयव एकेका जागी बसवला. पावलाची आतली कड हा कणा, कारण ती कण्यासारखीच वळणदार. अंगठा म्हणजे डोकं, कारण तो सगळ्यात वर. एकदा ही कल्पना डोळ्यांसमोर आली की ती झटकणं कठीण जातं, आणि मला वाटतं त्यांच्या यशाचं अर्धं रहस्य या चित्राच्या सोपेपणात आहे. शाळकरी मुलालाही ते पाच मिनिटांत समजतं.

दुसरा बदल दाबण्याच्या पद्धतीत झाला, आणि तो जास्त महत्त्वाचा होता. आधी त्या दुखऱ्या जागांवर कापसाचे बोळे चिकटपट्टीने लावून रुग्णांना चालायला सांगत, म्हणजे दाब सतत राहील. काही लोकांना याचा उलटा त्रास होऊ लागला. तेव्हा त्यांनी सतत दाबणं सोडलं आणि दाब द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा असं सुरू केलं. अंगठ्याचं पेर वाकवत, सुरवंट चालतो तसं तळव्यावर पुढे सरकायचं. फिट्झगेराल्ड यांना दाबून बधिर करायचं होतं. युनिस यांना दाबून शरीर जागं करायचं होतं, त्याने स्वतःच बरं व्हावं म्हणून. तंत्र बदललं तसा दावाही बदलला, आणि बराच मोठा झाला. वेदना कमी करण्यापासून तो रोग बरा करण्यापर्यंत गेला.

पुस्तक आणि प्रवास

1938 मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं, 'स्टोरीज द फीट कॅन टेल'. पाय सांगू शकतात अशा गोष्टी, असा त्याचा अर्थ. भाषा साधी, पुस्तक आटोपशीर, आणि ते त्यांनी स्वतःच प्रकाशित केलं. त्यात एकेका अवयवाची माहिती आणि त्यासोबत बरं झालेल्या लोकांचे किस्से आहेत. नंतर त्याचा पुढचा भागही आला.

पुस्तक खपलं त्यामागे काळाचाही हात आहे. महामंदीत, 1933 च्या सुमाराला अमेरिकेत दर चार कामगारांमागे एक बेकार होता. आरोग्य विमा फार थोड्यांकडे. वृद्धांसाठी सरकारी मेडिकेअर योजना यायला 1965 उजाडायचं होतं. औषधांची स्थितीही तशीच: सल्फाची औषधं नुकती येत होती, पेनिसिलिन सामान्य माणसाला मिळायला दुसरं महायुद्ध संपावं लागलं. दमा, संधिवात, मूत्रपिंडाचे विकार यांवर डॉक्टरकडेही देण्यासारखं थोडंच होतं. अशा वेळी कोणी सांगितलं की उपचार तुमच्या अंगठ्यात आहे, तो नवऱ्याने बायकोवर आणि बायकोने नवऱ्यावर करायचा, खर्च फक्त एका पुस्तकाचा, तर लोक ऐकणारच.

सुरुवातीला युनिस यांनी डॉक्टरांना आपलंसं करायचा प्रयत्न केला. तिथे फारसं काही जमलं नाही. मग त्या निसर्गोपचारक, कायरोप्रॅक्टर, मालिश करणारे यांच्याकडे वळल्या आणि पुढे थेट सामान्य लोकांकडे. त्या अमेरिकाभर फिरत राहिल्या. शिबिरांना येणारे बरेचसे लोक सगळे उपाय करून थकलेले असत. त्यांच्यातल्याच कोणाला बसवून, त्याचे पाय हातात घेऊन त्या प्रात्यक्षिक दाखवत. त्या काळात एकटी बाई असा धंदा उभा करते, लिहिते, छापते, शिकवते, प्रवास करते, हे कौतुकाचंच आहे.

घरातही प्रयोग चालू होते. त्यांचा भाचा ड्वाइट बायर्स लहानपणी दमा आणि हे फीव्हर, म्हणजे परागकणांची अ‍ॅलर्जी, यांनी बेजार असायचा. युनिस त्याच्या पायांवर काम करत आणि त्याला आराम पडे. हाच मुलगा मोठा होऊन, आपली बहीण युसेबिया हिच्यासोबत, 1950 च्या दशकात त्यांच्या शिबिरांत हात देऊ लागला आणि पुढे त्याने त्यांचं काम चालवलं. सेंट पीटर्सबर्गमध्येच त्याने इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ रिफ्लेक्सॉलॉजी उभी केली. रात्री धाप लागलेल्या मुलाच्या उशाशी बसून कोणी तासभर त्याचे पाय चोळले, तर त्या मुलाला ते जन्मभर का खरं वाटू नये? दम्याच्या या धाग्याकडे आपण पुन्हा येऊ.

रिफ्लेक्सॉलॉजी हे नाव नंतरचं. थेरपी या शब्दावर फिजिओथेरपीवाल्यांचा आक्षेप होता म्हणून युनिस यांनी झोन थेरपी हा शब्द मागे टाकला, असं त्यांच्या गोटात सांगितलं जातं. परवान्याशिवाय वैद्यकी करणं अमेरिकेत गुन्हा आहे, हेही विसरता येत नाही. त्यामुळे या क्षेत्रातल्या लोकांना शब्द जपूनच वापरावे लागले: निदान करत नाही, औषध देत नाही, अमुक रोगावर इलाज करत नाही. पण पुस्तकात मूत्रपिंडाचा बिंदू आहे आणि हृदयाचाही. वाचणारा जे समजायचं ते समजतोच.

1960 च्या दशकात ही पद्धत समुद्र ओलांडून गेली. डोरीन बेली युनिस यांच्याकडे शिकून ब्रिटनला परतल्या आणि तिथे शिकवू लागल्या. हाने मार्क्वार्ट या जर्मन परिचारिकेच्या हाती युनिस यांचं पुस्तक पडलं आणि जर्मनीत वेगळी परंपरा सुरू झाली. युनिस ऐंशीच्या घरात पोहोचेपर्यंत शिकवत होत्या. 1974 मध्ये, 85 व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

नकाशा तपासला तेव्हा

युनिस यांचं स्पष्टीकरण असं होतं की तळव्यातल्या मज्जातंतूंच्या टोकांशी बारीक स्फटिक साचतात, त्यामुळे संबंधित अवयवाकडे जाणारा प्रवाह अडतो, आणि अंगठ्याने ते स्फटिक फोडले की वाट मोकळी होते. बोटाखाली काहीतरी कुरकुरतं हे खरं आहे. ते स्नायूंवरचं आवरण, शिरा, चरबीचे कप्पे यांचं असतं. युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक पायात होतात, पण ते गाउट या आजारात, बहुधा अंगठ्याच्या सांध्यात, आणि तिथे अंगठ्याने दाबायला गेलात तर रुग्ण ओरडून उठेल.

तळव्याच्या संवेदना टिबियल मज्जातंतूतून पोटरीमागून वर जातात, मग सायटिकमधून कमरेच्या मणक्यांपाशी मज्जारज्जूला मिळतात. तिथून यकृताकडे एक तार, फुप्फुसाकडे दुसरी, अशी सोय शरीरात नाही. शिवाय वेगवेगळ्या शाळांचे नकाशे एकमेकांशी पूर्ण जुळतही नाहीत.

तरीही नकाशा वापरून पाहायला काय हरकत? तेच झालं. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात सहा ठरावीक आजारांपैकी एक किंवा अधिक असलेल्या 18 माणसांचे पाय दोन रिफ्लेक्सॉलॉजिस्टनी तपासले. कोणाला काय आहे हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. त्यांचे अंदाज नुसत्या योगायोगापेक्षा सरस निघाले नाहीत.

आणि दमा? डेन्मार्कमध्ये रिफ्लेक्सॉलॉजी फार लोकप्रिय आहे. तिथेच 2001 मध्ये दम्याच्या 40 रुग्णांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दहा आठवडे खरी रिफ्लेक्सॉलॉजी, निम्म्यांना तशीच दिसणारी नकली. फुप्फुसांच्या चाचण्यांत फरक पडला नाही. रुग्णांना आपल्याला बरं वाटतंय असं मात्र जाणवलं, आणि ते दोन्ही गटांना जवळपास सारखंच जाणवलं. ड्वाइटच्या बाबतीत काय घडलं असेल याचं उत्तर बहुधा इथे आहे. दमा आपोआप कमी-जास्त होतो, अनेक मुलांचा वयाबरोबर ओसरतो, आणि घाबरलेलं मूल कोणी शांतपणे जवळ बसलं की निवतं.

एडझार्ड अर्न्स्ट या पूरक उपचारांच्या अभ्यासकाने 2009 मध्ये 18 चाचण्यांचा आढावा घेतला. कोणत्याही आजारावर रिफ्लेक्सॉलॉजी खात्रीने उपयोगी पडते असा पुरावा त्यांना मिळाला नाही. ऑस्ट्रेलियाच्या सरकारनेही अशा उपचारांची तपासणी केली आणि एप्रिल 2019 पासून खासगी आरोग्य विम्यातून वगळलेल्या 16 पद्धतींत रिफ्लेक्सॉलॉजीचा समावेश केला.

दुसऱ्या बाजूला 2012 चा एक अमेरिकी अभ्यास आहे. स्तनांच्या कर्करोगाच्या पुढच्या टप्प्यातल्या 385 स्त्रिया त्यात होत्या. रिफ्लेक्सॉलॉजी घेतलेल्यांची धाप काही प्रमाणात कमी झाली आणि रोजच्या हालचाली थोड्या सोप्या झाल्या. गंमत म्हणजे ज्यांचे पाय प्रशिक्षण नसलेल्या माणसाने नुसते चोळले, त्यांचा थकवा कमी झाला. वेदना, मळमळ, उदासी यांत मात्र फरक दिसला नाही. कर्करोगावर परिणाम पाहण्याचा हा अभ्यासच नव्हता.

यात आपल्याला नवल वाटण्यासारखं काही नाही. आयुर्वेदात पादाभ्यंग आहे, महाराष्ट्रात काशाच्या वाटीने तळपायाला तूप किंवा तेल चोळायची जुनी रीत आहे. त्याने झोप छान लागते, डोकं शांत होतं. पण काशाच्या वाटीने कोणी टाचेत गर्भाशय शोधत नव्हतं. चिनी परंपरेतही अ‍ॅक्युपंक्चरच्या 361 प्रमाण बिंदूंपैकी तळव्यावर फक्त एकच येतो. तेव्हा चपलेच्या खोक्यावरचं चित्र ना आयुर्वेदाचं, ना चीनचं. इजिप्तमधल्या सक्कारा इथल्या थडग्यात हातापायांवर काम करणाऱ्या माणसांची चित्रं आहेत, ती रिफ्लेक्सॉलॉजीचा पुरावा म्हणून सर्रास दाखवली जातात. ती मालिश असू शकते, नखं कापणंही असू शकतं.

नकाशावरचा विश्वास महाग पडतो तो आजार लांबतो तेव्हा. मूत्रपिंडाचा बिंदू दुखत नाही म्हणून लघवीची तपासणी टाळली, छातीतल्या दुखण्यावर करंगळीखाली दाबत बसलो, तर गेलेला वेळ परत मिळत नाही. मधुमेहात पायांची संवेदना गेलेली असेल तर जोराचा दाब किंवा काटेरी रोलर जखम करून जातो आणि कळतही नाही. एकच पोटरी अचानक सुजली, गरम झाली, दुखू लागली तर आत रक्ताची गाठ असू शकते. अशा पायाला मालिश करायची नाही, डॉक्टर गाठायचा.

ब्रिटनमधल्या अनेक हॉस्पिसमध्ये, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या ठिकाणी, आज रिफ्लेक्सॉलॉजी दिली जाते. तिथे अंगठा युनिस यांनी शिकवला तसाच, दाबत-सोडत, तळव्यावरून पुढे सरकतो. पण ब्रिटनमधल्या रिफ्लेक्सॉलॉजिस्टच्या संघटनेचे नियम सदस्यांना निदान करायला किंवा आजार बरा करण्याचं आश्वासन द्यायला परवानगी देत नाहीत. रुग्णाची औषधं चालूच राहतात, आणि ती अर्धा-पाऊण तासाची बैठक त्याला आराम मिळावा म्हणून असते.